दादाच्या गेमवर पाहिलेले सिनेमे

डिसेंबर लागला की नगर-पुणे रस्त्याच्या कडेनं हुरड्याचे फलक उभे राहतात. बाजा टाकलेल्या असतात, सजवलेल्या बैलगाडीत बसून फोटो काढायची सोय असते, आणि गाडीची काच बंद असली तरी भाजक्या कणसांचा वास कुठून तरी आत येतोच. मी शिकवते त्या शाळेतल्या बाया दरवर्षी म्हणतात, एखाद्या रविवारी जाऊ या. मी काहीतरी कारण काढते. हुरड्याच्या वासाबरोबर मला आणखी एक वास येतो, तापलेल्या प्लास्टिकचा आणि त्याच्या फटींत करपणाऱ्या धुळीचा. हे दोन वास एकत्र कसे, हे त्यांना कुठं सांगत बसू?

पारनेरच्या पठारावरच्या आमच्या घरात त्या हिवाळ्यात आम्ही तिघी होतो. आई, वहिनी आणि मी. अण्णा उजाडलं की ज्वारीच्या राखणीला रानात जात आणि दिवस मावळल्यावरच परत येत. दुपारी वारा आमच्याकडे फिरला की त्यांची पाखरं हाकलायची आरोळी घरापर्यंत ऐकू यायची. आणि दादा नव्हता. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात, एका सोमवारी सकाळी कामावर जायला म्हणून मोटारसायकल घेऊन तो निघाला. हायवेवर एका कंटेनरनं त्याला गाठलं. दुपारी चार माणसं अंगणात येऊन उभी राहिली, आणि त्यांच्या चेहऱ्यांकडे बघून आई कुणी काही बोलायच्या आधीच खाली बसली.

संतोष त्याचं नाव. रांजणगावच्या बाजूला एका कंपनीत होता. आठवडाभर तिकडे मित्रांबरोबर खोलीवर राहायचा आणि शनिवारी घरी यायचा. त्या खोलीवरच्याच एका मित्राकडून त्यानं जुना गेम विकत घेतला होता. काळा चपटा डबा, दोन वायरी, आणि दोन्ही हातांत धरायचं एक बटणांचं यंत्र. शनिवारी संध्याकाळी आमच्या टीव्हीवर त्याच्या गाड्या पळायच्या, आपटायच्या, पुन्हा पळायच्या. आई म्हणायची, "दिसभर मशीन चालवतो, आन घरी येऊन बी मशीनच."

मग लग्न झालं. शीतलवहिनी श्रीगोंद्याकडची, उसाच्या गावातली. पाटाच्या पाण्यात वाढलेली मुलगी आमच्या माळावर आली, तेव्हा पहिल्या आठवड्यात तिनं मला हळूच विचारलं होतं, "वैशू, हितं भांडी घासायचं पाणी पन झाडाला घालत्यात का गं?" तिला गाड्यांच्या गेममध्ये अजिबात गोडी नव्हती. तिला सिनेमा हवा असायचा. केबल आम्ही केव्हाच बंद केली होती आणि सीडीचं मशीन घरात नव्हतं. एका शनिवारी दादा खिशातून चकती काढत म्हणाला, "अगं, ह्याच्यात पिक्चर पन दिसतो." ते यंत्र त्यानं स्वतःच बनवलं असावं, इतका अभिमान त्याच्या चेहऱ्यावर होता. तेव्हापासून गाड्या थांबल्या. शनिवार-रविवार आमच्या घरात दादाच्या गेमवर सिनेमे लागायला लागले.

शेवटच्या रविवारी त्यानं एक विनोदी सिनेमा आणला होता. सिनेमा ऐन रंगात आला आणि लाईट गेली. भारनियमनाचे दिवस होते, गेलेली लाईट कधी येईल याचा नेम नसायचा. आम्ही बराच वेळ वाट बघितली. शेवटी दादा उठला. "ऱ्हाऊ दे आतच. पुढच्या रविवारी पुढचं बघू," असं म्हणून त्यानं पिन काढून ठेवली. दुसऱ्या दिवशी सोमवार होता.

तो गेल्यावर आईनं त्या डब्यावर त्याचा टॉवेल टाकला. कुणाला काही सांगितलं नाही, पण तो टॉवेल कुणी उचलायचा नाही हे सगळ्यांना कळलं. टीव्हीही बंदच राहिला. पाऊस संपला, ज्वारी पेरून झाली, उगवली, गुडघ्याला लागली, तरी घरात कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. वहिनी सगळी कामं करायची. झाडायची, शेण काढायची, भाकरी करायची. फक्त बोलायची नाही. विचारलं तेवढंच "व्हय", "न्हाई". तिचे वडील दोनदा न्यायला आले. दोन्ही वेळा ती आईच्या मागं जाऊन उभी राहिली, आणि आईनंही "ऱ्हाऊ द्या हितं, माझ्याजवळ बरी हाय" म्हणून त्यांना चहा पाजून परत पाठवलं.

मी तेव्हा पारनेरला कॉलेजात जात होते. थंडी पडायला लागली होती. एका दुपारी घरी आले तर टॉवेल घडी करून बाजूला ठेवलेला, वहिनी डब्यासमोर बसलेली आणि आई स्वयंपाकघराच्या दारात उभी.

"कशाला हात लावला त्याला?" आई म्हणाली.

"आई, आत पिक्चर हाय. अर्धा ऱ्हायलाय."

"मग ऱ्हाऊ दे."

"ह्ये म्हनले हुते, पुढच्या रविवारी बघू." वहिनी मागं न बघताच बोलत होती. कितीतरी दिवसांनी तिच्या तोंडून एवढं मोठं वाक्य आलं होतं. "रविवार येतोय, जातोय. मी किती वाट बघू, आई?"

 आई पदरानं हात पुसत आत आली, भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, "लाव."

डबा सुरू झाला. आतून घरघर ऐकू आली. पडद्यावर आधी नुसता निळसर अंधार, आणि त्या अंधारात खालून वर आलेले धुरकट खांब. मग सिनेमा लागला, पण अगदी सुरुवातीपासून. थांबलेल्या जागी कसं जायचं ते दादाला यायचं, आमच्यातल्या कुणाला नाही. म्हणजे त्याच्याबरोबर पाहिलेला सगळा भाग आम्हाला पुन्हा बघावा लागणार होता. वहिनीनं माझ्याकडे बघितलं.  आम्ही बघत राहिलो.

विग घालणारा एक तापट घरमालक आणि त्याला फसवणारे दोन भाडेकरू, एवढीच त्यात गोष्ट होती. पण आम्ही गोष्ट कुठं बघत होतो? "हितं हसले हुते," वहिनी मध्येच म्हणाली. थोड्या वेळानं आई म्हणाली, "हितं पानी मागितलं हुतं त्यानं." एका जागी त्यानं मांडीवर थाप मारली होती, ती मलाही आठवली. पडद्यावरची माणसं तेच तेच बोलत होती आणि त्यांच्या बोलण्यातून दादा आम्हाला तुकड्यातुकड्यानं परत मिळत होता.

मग ती जागा आली. घरमालक जिना चढतोय, आणि लाईट गेली होती ती इथंच. यावेळी लाईट गेली नाही. घरमालक जिना चढून वर गेला, आणि वहिनीनं आईचा हात घट्ट धरला. यापुढचं दादानं पाहिलेलं नव्हतं.

पुढच्या भागात घरमालकाचा विग एक कोंबडी पळवते आणि तो सगळ्या चाळीतून तिच्या मागं धावतो. अगदी बाष्कळ प्रसंग. पण कोंबडी विगसकट हौदावर चढून बसली, तेव्हा एक खरखरीत आवाज आला. मला आधी कळलंच नाही कुणाचा ते. आई हसत होती. इतके महिने न वापरलेलं हसू घशात अडकत अडकत बाहेर येत होतं. तिला बघून वहिनीला हसू फुटलं, मग मला. आम्ही तिघी पोट धरून हसलो, आणि हसता हसता आईनं पदर तोंडात कोंबला. त्यानंतर कोण हसत होतं आणि कोण रडत होतं, ते मला आजही सांगता येणार नाही.

त्या दिवसापासून दुपारी लाईट असली की सिनेमा लागायला लागला. पारनेरच्या स्टँडजवळच्या दुकानातून मी चकत्या आणायचे. स्वस्तातल्या व्हीसीडी त्या डब्यात चालत नसत, डीव्हीडीच लागायची. हे कळेपर्यंत दुकानदाराशी माझी दोन-तीनदा भांडणं झाली. आईला बटणांची नावं कशाला पाठ व्हायला हवी होती? तिनं चिन्हं लक्षात ठेवली. "फुली दाबली की चालतो, गोल दाबला की थांबतो." बटणांचं यंत्र ती दोन्ही हातांत धरून बसायची, दादा धरायचा तसंच. त्याच्या अंगठ्यांनी घासून घासून दोन्ही बाजूंच्या रबरी गोळ्या गुळगुळीत झाल्या होत्या. सिनेमा चालू असताना आईचे अंगठे त्या गोळ्यांवर नुसते फिरत राहायचे.

कणसं भरली तसे अण्णा रानातून हुरड्याची कणसं पाठवायला लागले. चुलीच्या आरात आम्ही ती भाजायचो आणि टीव्हीसमोर घेऊन बसायचो. वहिनी कणीस तळहातावर चोळायची, फुंकर मारून कोंडा उडवायची आणि हिरवे गरम दाणे आधी आईच्या हातावर ठेवायची. बाहेर रानभर ज्वारीची सळसळ, लांबून अण्णांची आरोळी, आणि आत तापलेल्या डब्याचा तो वास. वहिनी बोलायला लागली होती. सिनेमातल्या माणसांना शिव्या द्यायची, पुढं काय होणार ते आधीच सांगायची, आणि चुकली की स्वतःवरच हसायची. ती लहान असताना उसाच्या फडात हरवली होती आणि पाचटावर झोपून गेली होती, ही हकिकत तिनं त्याच दिवसांत सांगितली. लोकांना हे सांगताना अवघडल्यासारखं होतं, पण दादा गेल्यानंतरचा तो हिवाळा आमच्या घरातला सगळ्यात जिव्हाळ्याचा हिवाळा होता.

आवाज भिंतीबाहेर जातोच. शेजारच्या चुलतीनं एक दिवस अंगणातूनच सुनावलं, "वरीस झालं न्हाई अजून, आन घरात पिच्चर लागत्यात. सुनंला लईच सैल सोडलीय."

 वहिनीनं हातातलं कणीस खाली ठेवलं. आई उठून दारात गेली.

"सून न्हाई लावत. मी लावते," ती म्हणाली. "माझा पोरगा गेलाय. मला करमत न्हाई, म्हनून मी लावते. तुला बघायचा आसंल तर आत ये, न्हाई तर वाट मोकळी हाय."

चुलती गेली. आई आत येऊन बसली, पण तिच्या कपाळावरची आठी गेली नाही. त्यानंतर मी एक गोष्ट बघायला लागले. सिनेमा चालू असताना आई पडद्याकडे बघायचीच नाही. ती वहिनीकडे बघायची. पडद्यावर कुणाची वरात निघाली की वहिनीची बोटं गुडघ्यावर ताल धरायची, आपण ताल धरलाय हे तिला कळायचंही नाही. एखादी बाई कडेवर मूल घेऊन आली की तिची मान जराशी कलायची. आई ते सगळं बघायची, आणि बटणाच्या गोळ्यांवर फिरणारे तिचे अंगठे थांबायचे.

ज्वारी काढायला आली तेव्हा आई मला म्हणाली. आम्ही दोघी रानात पेंढ्या बांधत होतो. "वैशू, शीतलचं लगीन करायचं."

मी हातातली पेंढी खाली ठेवली. "तिचे वडील न्यायला आले तेव्हा तूच पाठवलं नव्हतंस."

"मला ती पाहिजे हुती म्हनून न्हाई पाठवली. तिच्या तोंडून माझ्या पोराचं नाव ऐकायला मिळतं, म्हनून ठिवून घेतली." आईनं कमरेवर हात ठेवून रानभर नजर फिरवली. "पन आमी दोघं गेल्यावर ती ह्या माळावर कुनाकडं बघंल? तू बी तुझ्या घरी जाशील."

अण्णा पलीकडे कडबा रचत होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "तिला विचारा आधी," एवढंच ते म्हणाले आणि पाठ करून पुन्हा कामाला लागले. 

वहिनीला विचारल्यावर ती पेटून उठली. "मी जड झाले का तुमाला? तसं सांगा की. खाते किती, नेसते किती मी?"

"तू जड न्हाई गं."

"मग? त्या दिवशी दारात उभं राहून माझ्यासाठी भांडलात, ते कशाला? घालवायचीच हुती तर?"

"माझ्या डोळ्यांदेखत तू हितं वाळून जाशील," आई म्हणाली. "एक गेलंय माझं. दुसरं मी असं बसून बघनार न्हाई."

वहिनी आत गेली. त्यानंतर कितीतरी दिवस डबा लागला नाही. तिघी एका घरात होतो आणि पुन्हा पावसाळ्यातल्यासारखी शांतता झाली. मी मध्ये पडून काही बोलायला जायचे आणि दोघीही माझ्याकडे अशा बघायच्या की मी गप्प व्हायचे. एके सकाळी भाकरी थापता थापता वहिनीच म्हणाली, "तुमी म्हनता तर करीन. पन लगीन हितनं लावायचं. माझ्या माहेराहून न्हाई. तुमी आन अण्णांनी मला द्यायची."

आईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. धुरामुळं की कशामुळं, ती बराच वेळ डोळे पुसत होती. "देऊ," ती म्हणाली.

उन्हाळ्यात आमच्या गावातल्या देवळासमोर मांडव पडला. मुलगा श्रीगोंद्याच्याच बाजूचा, एका दूधडेअरीत नोकरीला. त्याची पहिली बायको बाळंतपणात गेली होती. शांत, लाजाळू माणूस. कन्यादानाला आई-अण्णा बसले. ज्यांनी दोन वर्षांपूर्वी तिला सून म्हणून ओवाळून आत घेतलं, तेच तिचा हात दुसऱ्याच्या हातात देत होते. भटजींनी पाणी सोडायला सांगितलं, तेव्हा आईनं खालून अण्णांचा पळीचा हात धरला. गावातल्या बाया कुजबुजायच्या थांबल्या होत्या. ती चुलतीसुद्धा पदरानं नाक पुसत होती.

निघताना वहिनी म्हणाली, "तो डबा नेऊ का?" आईनं मान हलवली. "ह्या घरातलं काही न्यायचं न्हाई. तिकडं नवं घ्या. नव्यावर बघा."

नंतर आईनं एकदा एकटीनंच सिनेमा लावला. मी आतून बघत होते. गमतीचा प्रसंग आला, आई हसून डावीकडे वळली, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि तशीच थांबली. डावीकडे भिंत होती. तिनं गोल दाबला. त्यानंतर तिनं त्या यंत्राला हात लावला नाही. पुढं केव्हा तरी मी चकती घालून बघितली तर डबा नुसता टक-टक वाजत राहिला. आतली काच झिजली असावी. बऱ्याच वर्षांनी माझ्या शाळेतल्या, गेमचं वेड असलेल्या एका मास्तरांनी मला सांगितलं की सुरुवातीला दिसणारे ते धुरकट खांब म्हणजे त्यावर खेळलेल्या खेळांची आठवण असते. जितके खेळ, तितके खांब. म्हणजे ते सगळे दादाचे होते. आम्ही तिघींनी बघितलेल्या सिनेमांचा त्या अंधारात एकही खांब उभा राहिला नाही. सिनेमाचा राहत नाही, मास्तर म्हणाले.

वहिनी पहिल्या दिवाळीला नवऱ्याला घेऊन आली. पुढच्या खेपेला तान्ही मुलगी घेऊन. आईनं बाळाला न्हाऊ घातलं, टाळू भरली, मांडीवर घेऊन दिवसभर बसली. परत जाताना स्टँडवर एस.टी.ची वाट बघत आम्ही उभ्या होतो, तेव्हा आई म्हणाली, "शीतल, आता नको येऊ."

"का?"

"तुझी सासू बोलत नसंल, पन तिच्या मनात येत आसंल. आन ही मोठी झाली की इचारंल, हे घर कोनाचं? काय सांगशील तिला? तू तिकडं रुजलीस आता. सारखं उपटून हिकडं आननं बरं न्हाई."

 गाडी आली. वहिनी बाळाला घेऊन चढली, खिडकीशी बसली, आणि गाडी हलेपर्यंत तिनं एकदाही बाहेर बघितलं नाही. आई मात्र गाडी वळणाआड जाऊन धूळ बसेपर्यंत उभी होती.

ती परत आली नाही. काही दिवस फोन यायचे, मग नंबर बदलला. आईनं तिचं नाव पुन्हा काढलं नाही. अण्णा गेले, मी लग्न होऊन नगरला आले, शेवटची काही वर्षं आई माझ्याकडेच होती. मागच्या थंडीत आई गेली. शेवटच्या दिवसांत तिला अन्न नकोसं झालं होतं. नुसते तळहात एकमेकांवर चोळत राहायची आणि फुंकर घालायची.

यंदा संक्रांतीच्या आधी मी नगरच्या कापडबाजारात साडी बघत होते. शेजारी कुणीतरी म्हणालं, "वैशू?" मी वळले. जरा स्थूल झालेली, केसांत पांढरं, चष्मा. पण डोळे तेच. तिच्यासोबत एक उंच, कॉलेजातली मुलगी होती.

आम्ही एकमेकींचे हात धरले.  मग तिनंच विचारलं, "आई कशा हायेत?"

"मागच्या हिवाळ्यात गेली."

ती रडली नाही. समोर पसरलेल्या साडीचा काठ चिमटीत धरून ती उभी राहिली. दुकानदार विचारत होता, पॅक करू का ताई. तिला ऐकू आलं नसावं.

"मला कुनी कळवलं न्हाई," ती हळूच म्हणाली.

"नंबर नव्हता गं."

मुलगी आमच्याकडे आळीपाळीनं बघत होती. "मम्मी, कोण आहेत या?"

मी उत्तराची वाट बघत राहिले. मैत्रीण म्हणेल, माहेरच्या म्हणेल, लांबच्या नात्यातल्या म्हणेल. काहीही म्हटलं असतं तरी मला चाललं असतं. तिनं चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला.

"आत्या हाय तुझी," ती म्हणाली. "पाया पड."

मुलगी गोंधळली. "पण पप्पांना तर बहीणच नाहीये."

"तू पाया पड," वहिनी म्हणाली. "आत्याच हाय."